दोन बाटल्या, दोन्ही शुगर-फ्री

आमच्या फ्रिजच्या दारात सध्या चॉकलेट सिरपच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘शुगर-फ्री’, दोन्हींच्या मागे ‘साखर ० ग्रॅम’. पण एकीतले दोन टेबलस्पून घेतले तर १५ कॅलरी, दुसरीतले घेतले तर ५०. नेहमीच्या, साखर घातलेल्या सिरपच्या तेवढ्याच मापात साधारण १०० असतात.

आमच्या घरी या फरकाला फार किंमत आहे. धाकट्याला टाइप १ मधुमेह आहे. खाण्याआधी कार्ब्ज (कर्बोदकं) मोजायचे आणि त्यावरून इन्सुलिनची युनिट्स ठरवायची, हे आता त्याचं त्याला जमतं. नवी बाटली आली की मात्र ती आधी माझ्या हातात येते. मी जन्मभर लोकांचे जमाखर्च तपासले, आणि लेबल हाही जमाखर्चच. बेरीज जुळली नाही की समजायचं, एखादी रक्कम दुसऱ्या खात्यात दाखवली आहे.

पहिल्या बाटलीवर कार्ब्ज ९ ग्रॅम. ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर ३६ व्हायला हव्यात, छापल्यात १५. मग खालची बारीक ओळ वाचायची: त्या नवातले ६ ग्रॅम एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला एक गोड पदार्थ. हा पदार्थ आतड्यातून रक्तात जातो खरा, पण शरीर त्याचं काहीच करत नाही. बहुतेक सगळा लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून अमेरिकेत त्याला ग्रॅममागे ०.२ कॅलरी धरतात, युरोपात तर सरळ शून्य. उरलेले ३ ग्रॅम कोकोचे आणि सिरप दाट करणाऱ्या डिंकाचे, त्यातही एक ग्रॅम फायबर. थोडी चरबी, थोडं प्रोटीन मिळवलं की १५ च्या आसपास येतो. हिशेब जुळला.

दुसरीवर कार्ब्ज २०, त्यातले १७ ग्रॅम माल्टिटॉल. हाही साखरेऐवजीच घातलेला, पण वेगळ्या स्वभावाचा. साखरेच्या ऐंशी-नव्वद टक्के गोड, तोंडात साखरेसारखाच भरीव, म्हणून बनवणाऱ्यांचा लाडका. पण तो काही प्रमाणात पचतो, त्यातून ग्लुकोज सुटतं, आणि ग्रॅममागे २.१ कॅलरी मिळतात. युरोपातल्या हिशेबात २.४. रक्तातली साखर तो नेहमीच्या साखरेपेक्षा कमी आणि सावकाश चढवतो, पण चढवतो.

यात कुणी खोटं लिहिलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. ‘शुगर-फ्री’ म्हणायला कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या, नियमानुसार १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आणि माल्टिटॉल त्या साखरेत मोजलाच जात नाही. नियम पाळला जातो, ग्लुकोमीटर मात्र नियम वाचून आकडा दाखवत नाही.

आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेली रीत अशी: माल्टिटॉल असेल तर त्याचे निम्मे ग्रॅम वजा करायचे, एरिथ्रिटॉल असेल तर सगळे. म्हणजे दुसऱ्या बाटलीचे मोजायचे कार्ब्ज अकरा-बारा, पहिलीचे तीनच. (तुमचं गणित तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, माझ्या ब्लॉगवरून नको.) चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. माल्टिटॉलचं सगळं माफ केलं तर दोन तासांनी साखर वर. एरिथ्रिटॉलचे सहाही ग्रॅम धरून इन्सुलिन घेतलं, तर त्या इन्सुलिनला करायला काम नाही आणि साखर खाली. आणि हे सगळं दोन टेबलस्पूनचं. बाटली उलटी करून दाबली की दोन टेबलस्पून कधी ओलांडले ते कळत नाही, त्यामुळे वजनकाट्यावर ग्लास ठेवून ओतणं बरं.

एवढं करून लोक दूध विसरतात. २४० मिली दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. सिरप कितीही शुगर-फ्री असो, त्याचं चॉकलेट मिल्क केलं की मोठा आकडा दुधाचाच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठल्याच लेबलावर मला दिसलेली नाही. शुगर एकदम उतरली, हात थरथरायला लागले, तर ही बाटली उपयोगाची नाही. तेव्हा लगेच रक्तात जाणारी १५ ग्रॅमच्या आसपास साखर लागते: ग्लुकोजच्या गोळ्या, फळांचा रस, साखरेचं पाणी. घाम फुटलेला माणूस फ्रिज उघडून हाताला लागेल ते चॉकलेट तोंडात ओततो आणि वाट बघत बसतो. म्हणून आमच्याकडे शुगर उतरल्यावर लागणारं सामान फ्रिजच्या आसपाससुद्धा नाही, ते पलंगाशेजारच्या खणात. पाहुण्यांनाही तो खण दाखवून ठेवलेला आहे.

आता बाटलीत असतं काय? घटकांच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं. साध्या सिरपच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते, आणि ती नुसती गोडीसाठी नसते. सिरपला घट्टपणा तीच देते आणि टिकवतेही तीच. ती काढली की घट्टपणासाठी झॅन्थन गम, सेल्युलोज गम, आणि टिकण्यासाठी पोटॅशियम सॉर्बेट घालावं लागतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, अशी सूचना त्यापायीच. एरिथ्रिटॉलवाली बाटली गार झाली की तळाशी बारीक खडे धरते. ते जिभेवर वाळूसारखे लागतात. सिरप खराब झालेलं नसतं, थंड पाण्यात एरिथ्रिटॉल कमी विरघळतो एवढंच. बाटली कोमट पाण्यात उभी करून हलवली की खडे जातात.

एरिथ्रिटॉल एकटा पुरेसा गोड नसतो, म्हणून जोडीला सुक्रालोज हा कृत्रिम गोडवा. तो साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. दोन टेबलस्पूनमधली वीसेक ग्रॅम साखरेची सगळी गोडी एकट्या सुक्रालोजने आणायची म्हटली तरी ३०-३५ मिलिग्रॅम पुरतील. अमेरिकेतली रोजची मर्यादा किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ४० किलोच्या मुलाला २००. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे गोडवे वापरू नका असं सुचवलं, हे नातेवाईक मला अधूनमधून पाठवत असतात. ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही आणि माल्टिटॉल-एरिथ्रिटॉल तिच्यात येतच नाहीत, हा भाग पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये नसतो. त्याच वर्षी रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला होता. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मी रोजचं सिरप आठवड्यातून दोनदावर आणलं.

पोटाचं थोडक्यात सांगतो. न पचलेला माल्टिटॉल मोठ्या आतड्यात पोहोचतो, तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. पोट फुगतं, जास्त झालं तर जुलाब. युरोपात असे पदार्थ दहा टक्क्यांहून जास्त घातले तर तशी सूचना छापावीच लागते. एरिथ्रिटॉल या बाबतीत बराच सोसवतो.

‘कोकोचे फायदे’ मात्र सिरपमध्ये शोधू नयेत. १०० ग्रॅम कोको पावडरीत १४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, ५०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम, तिसरा हिस्सा फायबर, हे खरं. पण दोन टेबलस्पून सिरपमध्ये कोको असतो दोन-तीन ग्रॅम. लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. शिवाय कोको अल्कलीने प्रक्रिया केलेला असेल तर रंग गडद आणि चव सौम्य होते, आणि कोकोतल्या ज्या फ्लॅव्हनॉल्स नावाच्या घटकांचं एवढं कौतुक, त्यातले पुष्कळ तिथेच उडून जातात.

धाकट्याचं मत विचाराल तर दोन्ही बाटल्या नापास. त्याला मी घरी केलेलं आवडतं: कोको पावडर थोड्या गरम पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत घोटायची, चिमूटभर मीठ, मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचं, उतरवल्यावर सुक्रालोजचे थेंब आणि व्हॅनिला. कार्ब्ज फक्त कोकोचे, चमचाभर पावडरीला तीनेक ग्रॅम, त्यातलं निम्म्याहून जास्त फायबर. यात साखर नाही आणि सॉर्बेटही नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवूनही चार-पाच दिवसांत संपवावं लागतं. तेवढे दिवस ते आमच्याकडे अजून कधी उरलेलं नाही.