खेकड्याच्या बेटावरून चिकूच्या टेकडीवर

ड्रोनने काढलेला एक फोटो आहे, चारही बाजूंनी गच्च जंगल आणि मधे तीनशे घरं, सगळी एकसारखी, ओळीने. पनामातला, जून २०२४ च्या सुमाराचा. तो पाहून कोणी 'वा' म्हणालं असेल, कोणी 'बिचारे' म्हणालं असेल, माझ्या डोक्यात एकच शब्द आला, ॲरे. ऑटोकॅडमधली कमांड हो. एक घर काढायचं, सिलेक्ट करायचं, इतक्या ओळी इतके कॉलम सांगायचे, एंटर. समोरचा चहा गार व्हायच्या आत तीनशे घरं तयार. मी इतकी वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगच काढतेय त्यामुळे ही करामत मी लांबून ओळखते, आणि त्यात थोडं कौतुक असतं तशी थोडी लाजही असते.

मग त्या गावाच्या मागेच लागले. महिनाभर रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन तेच वाचत बसायचे, घरचे वैतागले.

तर त्या गावाचं नाव इस्बेरयाला. तिथे राहायला आलेली माणसं गुना जमातीची, आणि आली ती गार्दी सुगदुब नावाच्या बेटावरून. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्याला लागून गुनांचा स्वायत्त प्रदेश आहे, गुना याला, त्यात साडेतीनशेच्या वर बेटं आणि वस्ती फक्त पन्नासेक बेटांवर. गार्दी सुगदुब त्यातलंच एक, नावाचा अर्थ खेकड्याचं बेट. लांबी साधारण ४०० मीटर, रुंदी १५० मीटर. म्हणजे मॉर्निंग वॉकला निघालात तर पाच-सात मिनिटांत बेट संपतं आणि परत फिरावं लागतं. आणि एवढ्याशा जागेत राहायची बाराशेच्या वर माणसं. वेताच्या काठ्यांच्या भिंती, ताडाच्या पानांचं नाहीतर पत्र्याचं छप्पर, घराला घर चिकटलेलं, मधल्या गल्ल्या एक माणूस जाईल एवढ्या. संडास समुद्रावर, धक्क्याच्या टोकाला. पिण्याचं पाणी होडीने जाऊन मुख्य भूमीवरच्या नदीवरून आणायचं.

नवीन गावाच्या नावाची गंमत सांगते. इस्बेर म्हणजे एक फळझाड, याला म्हणजे डोंगर, टेकडी. इंग्रजी बातम्यांत सगळीकडे लोकाट नावाच्या फळाची टेकडी असं छापलंय. ते स्पॅनिश नीस्पेरो या शब्दावरून आलंय, स्पेनमध्ये नीस्पेरो म्हणजे लोकाट हे खरं, पण पनामात नीस्पेरो म्हणलं की चिकू! आणि चिकू मूळचा तिकडचाच, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, आपल्याकडे नंतर आला. त्यामुळे मी आपलं परस्पर चिकूची टेकडी असं ठरवून टाकलंय.

बातम्यांमध्ये या लोकांना लगेच 'क्लायमेट रेफ्युजी', म्हणजे हवामानबदलामुळे घर सोडावं लागलेले, करून टाकलं. ते खोटं नाहीये. अमेरिकेतल्या स्मिथसोनियनची मोठी संशोधन संस्था पनामातच आहे, त्यांच्या मोजमापानुसार तिथला समुद्र साठच्या दशकात वर्षाला मिलिमीटरभर चढत होता, आता साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वारे सुटले की पाणी थेट घरात, खाटेखाली. पण गावाने हलायचं ठरवलं २०१० मध्ये, आणि तेव्हा पहिलं कारण होतं गर्दी. पोरांची लग्नं होतात, त्यांना पोरं होतात, घर वाढवायला जागाच नाही. वर्षानुवर्षं लोक समुद्रातलं प्रवाळ काढून काठाने भराव घालत होते, बेट इंचाइंचाने वाढवत होते, आणि गंमत बघा, लाटांचा जोर मोडायचं काम तेच प्रवाळ करतं, म्हणजे जागा वाढत गेली तसं आडोसा कमी होत गेला. मला ही गुंतागुंत महत्त्वाची वाटते, कारण 'समुद्र आला आणि माणसं पळाली' असं लिहिलं की त्यात माणसांचं स्वतःचं डोकं कुठे दिसतच नाही, आणि इथे तर सुरुवात त्यांनी केलीय. गावाने कमिटी नेमली, मुख्य भूमीवरची १७ हेक्टर जमीन काढून दिली आणि मग सरकारच्या मागे लागले.

जमीन काढून दिली हे मी एका वाक्यात लिहून टाकलं खरं पण पुनर्वसनात सगळ्यात मोठं घोडं तिथेच अडतं. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशाने फिजीमध्ये जमीन विकत घेऊन ठेवलीये, दुसऱ्या देशात! पापुआ न्यू गिनीतल्या कार्टरेट बेटांवरच्या लोकांना बोगनव्हिलमध्ये चर्चने जमीन दिली तेव्हा पहिली काही कुटुंबं हलली. गुनांना मात्र कोणाकडे हात पसरावा लागला नाही, कारण किनाऱ्यालगतची जंगलाची पट्टी त्यांचीच आहे, सामूहिक मालकीची. आणि ती फुकट मिळालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा सरकार त्यांना 'सुधारायला' निघालं होतं, बायकांनी मोला, म्हणजे रंगीत कापडांचे थर शिवून केलेला त्यांचा पारंपरिक ब्लाउज, घालायचा नाही, नाकात रिंग घालायची नाही वगैरे, आणि पोलीस ते अंमलात आणत होते. फेब्रुवारी १९२५ मध्ये गुनांनी उठाव केला, पुढे १९३८ मध्ये कायद्याने त्यांचा प्रदेश वेगळा झाला.

त्या उठावाच्या झेंड्यावर काय असावं, स्वस्तिक! मी फोटो दोनदा झूम करून बघितला. त्यांच्यात ते जग निर्माण करणाऱ्या ऑक्टोपसचं चिन्ह मानतात. १९४२ मध्ये कोणी हिटलरशी जोडू नये म्हणून त्यांनी मधोमध एक लाल वर्तुळ टाकलं होतं, ते म्हणजे बायकांच्या नाकातली रिंग. स्वस्तिक आणि नथ एकाच झेंड्यावर. विषय सोडून चाललेय, माहितीये, पण हे न सांगता पुढे जाणं शक्यच नव्हतं.

असो, परत घरांकडे.

२०१० मध्ये ठरलं आणि किल्ल्या मिळाल्या २०२४ मध्ये, म्हणजे चौदा वर्षं. जेव्हा ठरलं तेव्हा पहिलीत असलेलं पोर मतदार होऊन आलं. शाळेचं आणि हॉस्पिटलचं काम सुरू करून मधेच सोडून दिलेलं, सांगाडे गंजत उभे, घरांच्या तारखा पुढे पुढे, मधे कोविड. शेवटी १.२ कोटी डॉलरच्या आसपास खर्च करून सरकारने तीनशे घरं बांधली. हा आकडा बघून मी आधी चाट पडले, कारण अमेरिकेत लुइझियानामध्ये आइल द जाँ शार्ल म्हणून एक बेट आहे, १९५५ पासून त्याची ९८ टक्के जमीन पाण्यात गेली, त्यांच्यासाठी २०१६ मध्ये ४.८३ कोटी डॉलर मंजूर झाले आणि २०२२ मध्ये नवीन वसाहतीत गेली ती पस्तीस-चाळीस कुटुंबं. दोन देशांचे भाव वेगळे, मान्य, पण तरी! आणि एवढं करून तिथल्या मूळ जमातीच्या प्रमुखांची तक्रार होतीच की योजना आमची होती, सरकारने हातात घेतली आणि आम्हाला बाजूला केलं.

म्हणजे पैसा ओतला की गाव होतं असं पण नाही. मग गाव कशाने होतं हे बघायला मी परत प्लॅनकडे आले, कारण मला दुसरं काही येत नाही.

इस्बेरयालातलं एक घर साधारण ५०० स्क्वेअर फूट. दोन बेडरूम, हॉल, किचन, फ्लशचा संडास. ज्यांनी आयुष्यभर समुद्रावरचा संडास वापरलाय त्यांना घरातला संडास म्हणजे काय सुख असेल हे मी सांगायला नको, आणि जे लोक शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून 'पारंपरिक झोपड्या किती सुंदर होत्या' म्हणतात त्यांना एक महिना तिथे पाठवावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण दोन बेडरूम कोणासाठी? हा प्लॅन नवरा, बायको, दोन मुलं यांचा आहे. गुनांमध्ये लग्न झालं की जावई सासूच्या घरी राहायला येतो. आजी, तिच्या मुली, जावई, नातवंडं असा सगळा गोतावळा एकत्र. झोपायचं घर वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं, दोन्ही शेजारी-शेजारी. झोपायच्या घरात खोल्याच नसतात, एक मोठी जागा आणि आडव्या वाशांना बांधलेले झोके. रात्री झोके सोडायचे, सकाळी गुंडाळून वर टांगायचे, की तीच जागा दिवसाची. स्पेस सेव्हिंग म्हणून आम्ही क्लायंटला जे फोल्डिंग बेड खपवतो ते या लोकांनी दोरीवर करून दाखवलंय. आता हा गोतावळा ५०० स्क्वेअर फुटांच्या डब्यांत वाटून टाकायचा. एक मुलगी या ओळीत, दुसरी पलीकडच्या. काही तरुण जोडप्यांना ते हवंच होतं म्हणा, बारा माणसांत राहून बघा म्हणजे कळेल. पण आजीचं काय?

फिजीत वुनिदोगोलोआ म्हणून गाव आहे, २०१४ मध्ये किनाऱ्यावरून दोनेक किलोमीटर आत हलवलं. घरं बांधून झाल्यावर लक्षात आलं की स्वयंपाकघरंच नाहीत. ऐकायला विनोदी वाटतं पण मी अजिबात हसले नाही कारण असं होताना मी समोर पाहिलंय. एका कामात आम्ही धुणं वाळत घालायला जागाच ठेवली नव्हती, कोणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही, आणि ताबा दिल्यावर आठवड्याभरात सगळ्या खिडक्यांतून साड्या लटकायला लागल्या. ड्रॉइंगमध्ये जे नसतं ते माणसं आल्यावर दिसायला लागतं.

इस्बेरयालात मात्र एक गोष्ट झाली जी त्या ॲरेमध्ये नव्हती. गावाच्या मधोमध लोकांनी स्वतः, अंगमेहनतीने, लाकूड आणि पानांचं मोठ्ठं सभागृह उभं केलं, ओनमाकेद नेगा. संध्याकाळी गाव तिथे जमतं. साईला म्हणजे गावप्रमुख, तो झोक्यात पडून जुन्या गोष्टी गाऊन सांगतो, त्याची भाषा अलंकारिक, लोकांना पटकन कळत नाही, म्हणून अर्गार नावाचा दुसरा माणूस त्याचा अर्थ उलगडून सांगतो. गावाचे निर्णय पण तिथेच. आणि जवळ चिचाचं घर, चिचा म्हणजे त्यांचं आंबवलेलं पेय, जिथे मुलगी वयात आली की सगळं गाव जमून सोहळा करतं. ड्रोनच्या फोटोत बाकी सगळं काटकोनात आणि मधे ही मोठाली पानांची छपरं. माझी नजर दरवेळी तिथेच जाते.

सगळे काही हललेले नाहीत, काही कुटुंबं बेटावरच आहेत. कारणं साधीच, वारा येतो, माशी-डास नाहीत, समुद्र दारात. त्यात इतिहासाची गंमत अशी की गुना मुळात मुख्य भूमीवरचेच, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रोगराई आणि डासांना कंटाळूनच बेटांवर गेले होते. शेती मात्र त्यांनी मुख्य भूमीवरच ठेवली आणि स्मशान पण. मेलेल्या माणसाला झोक्यासकट पुरतात, वर छप्पर घालतात. रोज सकाळी कोणी ना कोणी होडी काढून पलीकडे जायचं, शेतावर, पाण्याला, नाहीतर आईच्या कबरीपाशी.

आता उलटं झालंय. शेत आणि स्मशान जवळ आलं आणि समुद्र लांब गेला. मासे आणायचे तर जंगलातल्या रस्त्याने अर्धा तास चालत किनाऱ्यावर यायचं, तिथून होडीने पंधरा मिनिटं की जुनं बेट.