सरकारी साक्षीदार क्रमांक तीन

कनिष्ठ महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते. बारावीच्या मुलांना स्मृतीचं प्रकरण इतक्या वेळा शिकवलंय की वही न उघडता तास घेता येतो. त्यामुळे साक्षीदार म्हणून माझं नाव लागलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला काय, तुझाच विषय." विषय माझा होता, हे खरं. पण विषय माहीत असला म्हणून डोळे आणि मेंदू काही निराळे मिळत नाहीत, आणि पोलीस, वकील, न्यायाधीश या सगळ्यांना आपल्याकडून एकच गोष्ट हवी असते: खात्री.

घटना साधी. २०१९ ची दिवाळी नुकतीच संपली होती. ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या काकू देवळातून घरी चालल्या होत्या, मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या मागे. समोरून उलट्या दिशेने मोटारसायकल आली, मागे बसलेल्याने काकूंच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं, काकू गुडघ्यांवर पडल्या. पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मागच्याचं डोकं उघडं होतं आणि त्याने जाताना वळून पाहिलं. संपलं.

पोलीस येईपर्यंत सोसायटीच्या गेटपाशी जी सभा भरली ती खरी बघण्यासारखी होती. वॉचमन म्हणाला गाडी लाल. इस्त्रीवाला म्हणाला काळी पल्सर, त्याच्या भावाकडे तशीच आहे. काकू आधी म्हणाल्या, "मला काही दिसलंच नाही गं", आणि थोड्या वेळाने त्याच काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला काळी पल्सर सांगू लागल्या. कुणी खोटं बोलत नव्हतं. दहा जणांनी एकमेकांचं ऐकून एक गोष्ट शिवली आणि मग प्रत्येकाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मी वर गेले आणि कालनिर्णयच्या संपलेल्या महिन्याच्या पानामागे, आहे त्या कोऱ्या जागेत, मला दिसलं तेवढं लिहून ठेवलं. गाडीच्या रंगापुढे प्रश्नचिन्ह.

बाईमाणसाचा जबाब घ्यायला तिला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १६० खाली हे होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हवालदार आले, चहा घेतला, भला माणूस. त्यांनी विचारलं, "काळीच होती ना पल्सर?"

या 'होती ना'वर माझा अख्खा एक तास असतो. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती, असं ज्यांना विचारलं त्यांनी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला. 'लागल्या' म्हटलं त्यांनी ३२. दुसऱ्या एका गटाला आठवड्याने विचारलं, काच फुटलेली पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. हे मी मुलांना हसत हसत सांगते. हवालदारांसमोर मात्र मला काळी पल्सर दिसायला लागली होती. मी म्हटलं, रंग सांगता येणार नाही.

"मॅडम, साहेब विचारतील रंग का नाही घेतला."

"मग लिहा, सांगता येत नाही."

रंग गेला. पण जबाब त्यांच्या हाताला बसलेल्या वळणाने पुढे सरकत होता: वय अंदाजे २५ ते ३०, बांधा सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ. मी सावळा म्हटलं होतं, बारीक म्हटलं होतं. नाकाचा उल्लेखही केला नव्हता. सांगितलं तर म्हणाले, "ते असतंच वर्णनात." शेवटी नेहमीचं वाक्य, जबाब वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. अशा जबाबावर सही घ्यायची नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सही नाही म्हटल्यावर नाकाचं एवढं काय, असं मला वाटलं. ते नाक पुढे कोर्टात भेटलं.

महिन्याभराने दोघं पकडले गेले. पोलीस ठाण्यातला एक शिपाई घरी ओळख परेडचा, म्हणजे रांगेतून संशयिताला ओळखायला यायचा, निरोप द्यायला आला आणि जाता जाता खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "ताई, फोटो एकदा बघून घ्या, म्हणजे तिथं गोंधळ नको." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पुण्यातल्या आत्याने स्थळाचा फोटो दाखवावा तसा दाखवत होता. मी अक्षरशः तोंड फिरवलं. फोटो पाहून परेडला गेलं की आपण रस्त्यावरचा माणूस ओळखतो की मोबाइलमधला, हे आपल्यालाही कळत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १९८४ साली एका तरुणीने आधी फोटोंतून आणि मग रांगेतून रोनाल्ड कॉटन नावाच्या माणसाला ओळखलं. अत्याचार होत असताना तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम नीट पाहून ठेवला होता आणि तिला शंभर टक्के खात्री होती. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. १९९५ मध्ये डीएनए तपासणीने गुन्हेगार दुसराच असल्याचं दाखवलं. त्या खऱ्या गुन्हेगाराला मधल्या काळात कोर्टात तिच्यासमोर उभं केलं, तेव्हा तिने त्याला ओळखलंही नव्हतं.

ओळख परेड ठाणे मध्यवर्ती कारागृहात झाली. कोर्ट नाक्यापासून जवळ, कळव्याच्या पुलाच्या अलीकडे. हा मूळचा ठाण्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला इथेच फाशी दिलं, हे ठाण्यातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, पण त्या दारातून आत जायची वेळ फारशी कुणावर येत नाही. मोबाइल बाहेर जमा केला. काकूंना एका खोलीत बसवलं, मला दुसऱ्या, बोलायची मनाई.

इथे आपल्या पद्धतीचं कौतुक करायला हवं. परेड पोलीस घेत नाहीत. नायब तहसीलदार किंवा विशेष कार्यकारी दंडाधिकारी घेतात, बरोबर दोन पंच, आणि पोलिसांनी त्या जागेवर थांबायचंच नाही. एका संशयितामागे साधारण त्याच्याच वयाचे, बांध्याचे किमान सहा डमी. संशयिताला रांगेतली जागा स्वतः निवडता येते, कपडे बदलता येतात. तपास करणाऱ्याने रांगेपासून लांब राहावं, म्हणून पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली. आपल्याकडे तेवढं तरी नियमात आहे. (आदल्या आठवड्यातला मोबाइल नियमात नाही.)

पंच मला घेऊन गेले. सात माणसं भिंतीला पाठ लावून उभी. नायब तहसीलदार म्हणाले, "यात कुणी ओळखीचं असेल तर पुढे जाऊन हात लावून दाखवा." हात लावायचा! चोराच्या खांद्याला हात लावायचा, या कल्पनेनेच पोटात गोळा आला.

पहिली नजर गेली ती डावीकडून दुसऱ्यावर, कारण तो सारखा तळवे पँटला पुसत होता. घाबरलाय म्हणजे हाच. नंतर लक्षात आलं की डमीसुद्धा घाबरतो, अनोळखी बाई आपल्यालाच हात लावून गेली तर, म्हणून. रांग समोर आली की मन आपोआप तुलना करतं, यातला सगळ्यांत जास्त कोण जुळतोय. आणि जुळणारा कुणीतरी नेहमी सापडतोच, खरा माणूस रांगेत नसला तरी. लिंडसे आणि वेल्स यांनी १९८५ मध्ये दाखवलं की चेहरे एकेक करून दाखवले तर चुकीच्या माणसावर बोट जाण्याचं प्रमाण घटतं. इथे रांग एकदमच होती, म्हणून मी मनातल्या मनात तिचे तुकडे केले. एका टोकापासून निघाले, प्रत्येकासमोर थांबून एवढंच विचारायचं: हा तो आहे का? नाही. पुढचा. नाही. पाचव्यापाशी उत्तर वेगळं आलं. हात लावला. शर्ट घामाने ओला होता.

"कशावरून ओळखलंत?" नायब तहसीलदारांनी विचारलं. मला सांगता येईना. चेहरा आपण अख्खा ओळखतो; नाक, कपाळ, हनुवटी अशी यादी करून नाही. "चेहऱ्यावरून" एवढंच म्हणाले, त्यांनी तेवढंच लिहिलं.

दुसरी रांग हेल्मेटवाल्याची. त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. "यातल्या कुणालाही ओळखत नाही," म्हणाले. बाहेर आल्यावर तो फोटोवाला शिपाई वाट बघत उभा. पहिल्याचं कळलं तेव्हा, "बरोब्बर ओळखलंत ताई!" दुसऱ्याचं कळलं तेव्हा चेहरा पडला.

हे 'बरोब्बर' सगळ्यांत महागात पडतं. वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांचा १९९८ चा प्रयोग आहे: ज्यांना ओळखल्यावर शाबासकी दिली, ते नंतर सांगू लागले की आपल्याला आधीपासून खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, लक्ष पूर्ण होतं. गंमत अशी की त्या प्रयोगात सगळ्यांनीच चुकीचा माणूस निवडला होता, कारण खरा त्यात ठेवलेलाच नव्हता. जेलच्या दारातून रिक्षापर्यंत जाताना मला माझीच खात्री वाढताना कळत होती. घरी येऊन कालनिर्णयच्या त्याच पानावर लिहिलं: 'खात्री बऱ्यापैकी, पूर्ण नाही.' तारीख घातली.

मग कोरोना आला आणि पुढची काही वर्षं काही झालंच नाही. समन्स आलं, तारीख पडली, आरोपीला आणलं नाही, पुन्हा तारीख. पट्टेवाला एव्हाना नावाने ओळखायला लागला. साक्षीदाराला भत्ता मिळतो, तो मागावा लागतो, एवढं सांगून हा भाग सोडते.

साक्षीच्या दिवशी शपथ घेतली. गीतेवर हात वगैरे काही नसतं, ते सिनेमात. सरकारी वकिलांनी सरतपास घेतला, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारले, त्यात त्यांना उत्तर सुचवणारे प्रश्न विचारता येत नाहीत. १८७२ च्या पुरावा कायद्यापासून ही मनाई आहे, लॉफ्टसबाईंच्या प्रयोगाच्या शंभर वर्षं आधी. पण ती कोर्टाच्या उंबरठ्याच्या आत. माझ्या दिवाणखान्यात, चहाच्या कपासमोर, 'होती ना'ला कुणी अडवलं नव्हतं.

"ज्याने मंगळसूत्र ओढलं तो इसम आज कोर्टात आहे का?" आरोपींच्या जागेत दोनच माणसं उभी, शेजारी पोलीस. इथे डमी नसतात. ओळखायला रस्त्यावरून कुणालाही उचलून आणलं असतं तरी पन्नास टक्के बरोबर आला असता. आणि कायद्याच्या लेखी मुख्य पुरावा हीच ओळख. तुरुंगातली परेड तिला नुसती दुजोरा देणारी. मला हे साफ उलटं वाटतं. काही आठवड्यांनी सात जणांतून ओळखलेलं हलकं, आणि काही वर्षांनी दोघांतून दाखवलेलं भारी!

त्याने दाढी वाढवली होती, अंगाने भरला होता. मी म्हणाले, "परेडमध्ये ज्याला हात लावला तो हाच. पण रस्त्यावर पाहिलेला चेहरा आणि परेडमधला चेहरा आता मला वेगळे काढता येत नाहीत." सरकारी वकिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "मी आरोपी क्रमांक एक यास ओळखते." मी म्हटलं, "सर, दुसरं वाक्यही घ्याल का?" त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि घेतलं.

उलटतपासात नाक आलंच. "जबाबात नाक सरळ असं वर्णन आहे. तुम्ही तसं सांगितलं होतं?" नाही. "मग पोलिसांनी ते का लिहिलं?" त्याचं कारण सांगता येणार नाही. मग दिवे कुठे होते, अंतर किती, तो किती वेळ दिसला. हे प्रश्न चोख होते. मला विचारायला सांगितलं असतं तर मीही हेच विचारले असते. शेवटी ती ठरलेली माळ: तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय. कागदावर उतरतं, 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.' पहिल्यांदा ऐकताना कानशिलं तापतात. वकिलाला बचावाची बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडावीच लागते, त्यात वैयक्तिक काही नसतं. बाहेर व्हरांड्यात तेच वकीलसाहेब हसत जवळ आले. "मॅडम, मुलगी अकरावीला सायकॉलॉजी घ्यायचं म्हणतेय. स्कोअरिंग आहे का हो?"

निकाल काकूंकडून कळला. हेल्मेटवाला सुटला. दुसऱ्याला शिक्षा झाली ती मुख्यतः सोनाराकडून जप्त झालेल्या सोन्यावर. माझ्या ओळखण्याचं वजन त्यात किती धरलं हे निकालपत्रात असेल, ते मी मागवलेलं नाही. खटला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३९२ (जबरी चोरी) खाली चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला ३०४ हे स्वतंत्र कलम आलंय, म्हणजे आता काकूंसारखी तक्रार आली की त्याखालीही गुन्हा नोंदवता येईल.

सोनाराने मंगळसूत्र कधीच वितळवलं होतं, त्यामुळे काकूंना मिळाली ती लगड, आणि वजनाला मूळच्यापेक्षा कमी. त्यांनी ती लॉकरमध्ये टाकली. गळ्यात बेन्टेक्सचं घालतात आणि लग्नकार्यात कुणी विचारलंच तर खरं सोनं आहे म्हणून सांगतात.