कोरिओग्राफी पाठ, पण ग्रूव्ह कुठाय?

हिपहॉपच्या क्लासमध्ये इंटरमिजिएट बॅचला आलं की एक विचित्र टप्पा येतो. कोरिओग्राफी पाठ असते, काउंट चुकत नाहीत, तरी व्हिडिओत आपण कवायत करतोय असं दिसतं. ग्रूव्ह, म्हणजे तालावर अंगाचं सहज झुलणं, गायब. माझं तर आणखीच अवघड होतं. शाळेत असताना कथक शिकले होते, त्यामुळे ताल पक्का, पण अंग ताठ. ततकार, म्हणजे कथकचं पायांचं काम, करून करून गुडघे सरळ ठेवायची सवय लागलेली आणि हिपहॉपला हवेत सैल गुडघे, वजन खाली.

सरांनी माझी नवी कोरिओग्राफी बंद केली आणि मला बाउन्सवर आणलं. साधारण 90 बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला 90 बीटचं गाणं. आधी प्रत्येक बीटला गुडघे वाकवून खाली, मग उलट, बीटला वर. दुसरा प्रकार ऐकायला सोपा वाटतो, करून बघा. थोडा वेळ बरा जातो, मग शरीर गुपचूप पुन्हा बीटला खाली जायला लागतं. दोन्ही बसल्यावर त्यावर टू-स्टेप ही साधी स्टेप, मग रनिंग मॅन, म्हणजे जागच्या जागी धावल्यासारखी स्टेप, तेही हात पाठीमागे धरून. हात मोकळे असले की पायांची सगळी लबाडी त्यात झाकली जाते.

मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मेट्रोनोमचा. अ‍ॅपवर 90 ऐवजी 45 लावायचे आणि प्रत्येक टिकटिक म्हणजे चार बीटमधली 2 आणि 4, म्हणजे स्नेअर (ड्रमचा कडक ठोका), असं धरायचं. 1 आणि 3 आपणच आतून भरायचे. इथे कथक कामाला आलं. पढंत करतात, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात, तशी मी किक-स्नेअर (ड्रमचे जड आणि कडक ठोके) तोंडाने म्हणायचे, मग तीच स्टेप ठाय (मूळ संथ लय), दुगुन (दुप्पट), परत ठाय. वेग वाढवणं सोपं असतं हो, दुगुनातून ठायीत उतरताना तोल जातो.

त्यानंतर फ्रीस्टाइल, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं नाचणं, पण बंधन घालून. एक अख्खं गाणं फक्त छाती आणि खांदे. पुढचं फक्त पाय, आणि जागा सोडायची नाही. अर्ध्या गाण्यात सुचेनासं होतं, भयंकर कंटाळा येतो, आणि नेमकं तिथूनच काहीतरी वेगळं निघायला लागतं. आरशाकडे पाठ करूनच करायचं, एरवी नाचण्यापेक्षा स्वतःला बघणंच जास्त होतं.

ब्रेकची गोष्ट मला उशिरा कळली. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कने जी पार्टी वाजवली, तिथून हिपहॉपचा इतिहास मोजतात. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा, म्हणजेच ब्रेक, तो दोन टर्नटेबलवर (रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर) पुन्हापुन्हा वाजवून लांबवायचा, कारण नाचणारे त्याचीच वाट बघत. हे कळल्यावर मी एक व्यायाम लावून घेतला: शब्द चालू असताना फक्त बाउन्स, काही दाखवायचं नाही, गायक थांबला की मगच स्टेप. गाणं खऱ्या अर्थाने ऐकू यायला लागलं ते तेव्हा.

एक व्यवहाराची सूचना. सोसायटीच्या गच्चीवर, काँक्रीटवर रनिंग मॅन घोटू नका, नडग्या ठणकतात. चांगल्या सोलचे बूट घाला आणि आधी घोटे, पोटऱ्या गरम करा.

सध्या डावी बाजू चालू आहे. उजवीकडून येणारी प्रत्येक स्टेप डावीकडून सुरू करते आणि चौथ्या काउंटपर्यंत पाय भांडायला लागतात. सर म्हणतात, टेम्पो 70 वर आण.