चंद्रकळेचा काळा

वडगावच्या आज्जींनी त्यांच्या फोटोच्या प्रिंटकडे बोट नेलं तेव्हा "हात नको!" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर काळी शाई अगदी वरच्या थरात असते. नख लागलं की ओरखडा उठतो, घामाचं बोट लागलं की डाग पडतो. मी स्वतः सुती हातमोजे घातल्याशिवाय हा कागद उचलत नाही. पण त्यांनी छापलेल्या भागाला हातच लावला नाही. कडेचा कोरा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला, कापड बघतात तसा चोळला आणि म्हणाल्या, "हे सुती हाय की गा. वर खळ दिल्यागत लागतंय."

शब्दन् शब्द बरोबर होता. तो कॅन्सन इन्फिनिटीचा रॅग फोटोग्राफिक, 310 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन), शंभर टक्के कापसाचा कागद. शाई धाग्यांत शिरून फुटू नये म्हणून वर एक लेप असतो, त्यालाच त्या खळ म्हणत होत्या. सुताला खळ देण्यात आणि मागावर बसण्यात जन्म गेलेली बाई. बेळगावात शहापूरला माझं फोटो छापायचं दुकान आहे, तिथे लग्नाचे नामांकित फोटोग्राफर येतात, पण नुसत्या बोटाने कागद ओळखणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं.

त्यांच्या मुलाचे पॉवरलूम आहेत. श्रावणात आईचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलेलं, त्यासाठी 16 बाय 20 इंचाचा फोटो हवा होता. नातवाने घरातच, माडीच्या खिडकीशी बसवून काढलेला. एका बाजूने उजेड, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं आणि अंगावर काळी चंद्रकळा. ती साडी त्यांनी स्वतः हातमागावर विणली होती, पण हे मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं.

फाइल उघडल्या उघडल्या मी मनात बरायटा हा चमकदार कागद ठरवून टाकला होता. हानेम्यूलेचा फाइनआर्ट बरायटा, 325 जीएसएम. हा कापसाचा नाही, लाकडाच्या शुद्ध केलेल्या लगद्याचा. वर बेरियम सल्फेटचा थर, जुन्या डार्करूमच्या कागदांवर असायचा तोच. या थरामुळे काळा खोल जातो. काळ्याची घनता मोजली तर बरायटावर साधारण 2.3 येते आणि मॅटवर 1.6 ते 1.7. आकडे जवळचे वाटतात, पण हे माप लॉगरिदमचं आहे. म्हणजे मॅटवरचा काळा बरायटावरच्या काळ्यापेक्षा चार-पाच पट जास्त उजेड परत फेकतो. काळ्या साडीचा फोटो, मग दुसरा विचार कशाला?

मुलगा म्हणाला, "दोन्ही करून दाखवा ओ. आईच ठरवू दे." माझ्या प्रिंटरमध्ये फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक या दोन शायांची वाट एकच आहे, त्यामुळे कागद बदलला की शाई बदलताना थोडी वाया जाते. म्हणून मी सहसा दोन्ही करत नाही. शिवाय दिवस आषाढाचे. बेळगावच्या पावसात कापसाचा कागद दमट होऊन कडेला उचलतो, प्रिंटरचं हेड त्या कडेला घासतं आणि काळा पट्टा उमटतो. असे कागद मी फेकले आहेत आणि ते इथल्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. कुरिअरवाल्यांना बॉक्स सपाट ठेवा म्हणून कितीही सांगा, कोपरे चेपूनच येतात. एक कोपरा चेपला की शंभर टक्के कापूस गेला वाया. त्याची भरपाई कोणी देत नाही, चूक कबूलही करत नाही.

तरी दोन्ही प्रिंट काढले. मॅट कागद आत घालण्याआधी मऊ ब्रशने झाडून घेतला. कापसाची कणी राहिली तर छापून झाल्यावर ती गळते आणि काळ्यावर पांढरा ठिपका उघडा पडतो. दोन्ही दिवसभर वाळवले आणि वडगावला घेऊन गेलो.

बरायटा बघून मुलगा खूश झाला. आज्जी बराच वेळ बघत राहिल्या. "साडी झ्याक आलीया. पर तोंड तुपानं माखल्यागत का दिसतंय?" खिडकीचा उजेड कागदावरून चमकत होता. मी प्रिंट कलता धरला, पण चमक नुसती गालावरून कपाळावर सरकली. मग त्यांनी मॅट घेतला, तो कोपरा चोळला आणि चेहरा बघितला. "ही मी." मग बोट साडीवर, पण न टेकवता. "ह्यातल्या निऱ्या कुठं गेल्या? काठ कुठं हाय? मी इणलेली साडी हाय ही, बाबा."

निऱ्या खरंच गेल्या होत्या. एकच फाइल मी दोन्ही कागदांवर धाडली होती. मॅटच्या प्रोफाइलने, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणाऱ्या फाइलने, सॉफ्ट प्रूफ (पडद्यावरच प्रिंटचा अंदाज) लावून पाहिला असता तर साडीतल्या गडद छटा एकमेकींत मिसळताना पडद्यावरच दिसल्या असत्या. बरायटाच जिंकणार असं धरून चाललो होतो, म्हणून दुसऱ्याची नीट तयारीच केली नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्याने असं करू नये.

मुलाने बरायटाच फ्रेम करायचं सुचवलं, पांढराही जास्त आहे म्हणाला. त्याला मी तो पांढरा कशाचा ते सांगितलं. कपड्याला टिनोपाल देतात तसला पदार्थ यात थोडाफार असतो. तो अतिनील किरणांवर चमकतो. घरातल्या एलईडीत ते किरण जवळपास नसतातच आणि वर्षं गेली की त्याचा असर ओसरून कागद पिवळट दिसू लागतो. कापसाच्या या कागदात तो घातलेलाच नाही, म्हणून तो आधीपासून किंचित साईच्या रंगाचा आहे. आज्जी म्हणाल्या, "कोऱ्या सुतासारखा." मग चर्चा संपली.

दुकानात येऊन साडीपुरता मास्क केला, म्हणजे बदल फक्त साडीवर होईल असं केलं, गडद छटा जराशा उचलल्या, तीन अरुंद पट्ट्यांवर चाचणी घेतली. तिसऱ्या पट्टीवर निऱ्या सुटल्या, काठही दिसला. नवा प्रिंट बघून आज्जींनी मान डोलावली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चार धुणी झालेला काळा हाय. असू दे."

हे "असू दे" माझ्या डोक्यातून जात नाही. काळा आणखी गडद केला असता तर निऱ्या गेल्या असत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून त्यांचा काळा परत येणार नव्हता. साटिन पृष्ठभागाचा, कमी चमकणारा कापसाचा कागदही मिळतो. त्यातला प्लॅटिन फायबर रॅग माझ्याकडे त्या आठवड्यात नव्हता. मागवला असता तर कार्यक्रमाआधी पोचला असता का, हे गणित मी अजून करतो.

कार्यक्रमाला गेलो तेव्हा फोटो भिंतीवर होता, साध्या काचेमागे. प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, हे माझं त्यांनी ऐकलं होतं. पण दारातून बघताना काचेत ट्यूबलाइटची रेघ दिसत होती आणि कागद मॅट आहे की बरायटा, हे मलासुद्धा सांगता आलं नसतं.

आज्जी खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर तीच चंद्रकळा. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "आता हात लावता येत न्हाई की गा." मी खिशातल्या पाकिटातून चाचणीची तिसरी पट्टी काढून त्यांना दिली. त्यांनी तिचा कोरा भाग चोळून बघितला आणि पट्टी कमरेच्या पिशवीत ठेवली.

बरायटाचा प्रिंट माझ्या खणात आहे, टिश्यू घालून. तो कुणी मागितलेला नाही.