तुम्ही विचारलेत म्हणून : ‘टिकणे’ला इंग्रजीत काय म्हणायचे?

नाशिकमध्ये मी नोकरी-व्यवसाय करणाऱ्या प्रौढांना इंग्रजी शिकवतो. द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या मुली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले पर्यवेक्षक, मुलांच्या शाळेतून येणारी पत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून आलेल्या आया असे सगळे एका वर्गात बसतात, आणि दर तुकडीत कोणीतरी मला एकच प्रश्न विचारते. एखादी गोष्ट किती काळ टिकते हे सांगायला ‘टेम्पररी’ आणि ‘पर्मनंट’ एवढे दोन शब्द येत असताना बाकीचे डझनभर शब्द शिकायचेच कशाला, आणि शिकले तरी त्यांतला कोणता कधी वापरायचा? वर्गात याचे उत्तर नेहमी घाईत दिले जाते, म्हणून येथे ते सवडीने लिहीत आहे.

विशेषणांच्या आधी क्रियापदाकडे पाहावे लागते, कारण खरी अडचण तेथेच सुरू होते. कांदा चाळीत पाच महिने टिकतो, लिलाव दोन तास चालतो आणि गॅसचा सिलिंडर आम्हाला दीड महिना पुरतो, ही तीन मराठी वाक्ये आपण तीन वेगळ्या क्रियापदांनी बोलतो. इंग्रजीला या तिन्ही ठिकाणी ‘लास्ट’ हे एकच क्रियापद चालते. वस्तूची ताकद, घटनेची लांबी आणि साठा पुरण्याचा काळ यांतला जो फरक आपण क्रियापदातच सांगून टाकतो, तो इंग्रजीत उरलेल्या वाक्यावरून ओळखावा लागतो. खाण्याच्या वस्तूंसाठी मात्र इंग्रजीतही ‘कीप’ हे वेगळे क्रियापद आहे. उन्हाळ कांदा ‘कीप’ होतो, लाल कांदा होत नाही, आणि हे वाक्य इंग्रज शेतकरीही अगदी असेच बोलेल. नाशिकहून मुंबईला चार तास ‘लागतात’ यातल्या लागण्याला ‘टेक’ हवे, ‘लास्ट’ नव्हे.

या ‘लास्ट’ची व्युत्पत्ती मला फार प्रिय आहे. शेवटचा या अर्थाचा ‘लास्ट’ आणि टिकणे या अर्थाचा ‘लास्ट’ हे दिसायला एक असले तरी मुळात वेगळे शब्द आहेत. पहिला उशीर दाखवणाऱ्या ‘लेट’ या शब्दाचे जुने तमभाव रूप, म्हणजे ‘सर्वांत उशिराचा’ असे रूप, आहे. दुसरा पाऊलखुणेच्या शब्दावरून आला असून त्याचा जुना अर्थ माग धरून जाणे, हाती घेतलेले तडीस नेणे असा होता. जोडे शिवताना चर्मकार ज्या लाकडी पावलावर कातडे चढवतो, ज्याला आपण कालबूत म्हणतो, त्यालाही इंग्रजीत ‘लास्ट’च म्हणतात आणि तोही याच पाऊलखुणेच्या घराण्यातला आहे. हे एकदा कळले की शेवट आणि टिकणे या परस्परविरुद्ध गोष्टींना एकच शब्द कसा, हा विद्यार्थ्यांचा गोंधळ कायमचा मिटतो.

आपल्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ यांच्याबद्दलही सांगायला हवे. ‘2015 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ यांत मराठी फरक करत नाही. इंग्रजी पहिल्या ठिकाणी ‘सिन्स’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फॉर’ मागते. ‘पाच वाजेपर्यंत थांबा’ यात थांबणे पाचापर्यंत सलग चालू राहते, म्हणून तेथे ‘टिल’. ‘पाच वाजेपर्यंत कागद आणून द्या’ यात पाचाच्या आत केव्हाही एकदा द्यायचे असते, म्हणून तेथे ‘बाय’.

आता विशेषणे. माझे सांगणे इतकेच असते की शब्द निवडताना गोष्ट किती काळ टिकेल हे विचारू नका, ती कशामुळे संपेल हे विचारा. हे मी एका चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या तरुणाचे अनुभव-प्रमाणपत्र मी इंग्रजीत करून दिले होते. त्यात ‘हंगामी पर्यवेक्षक’ असे होते आणि मी त्याचे ‘सीझनल’ केले. तो सलग तीन वर्षे तेथे कामावर होता, पण मुलाखतीत त्याला वर्षातले किती महिने काम असायचे हेच पुन्हा पुन्हा विचारले गेले. मराठीत हंगाम म्हणजे पिकाचा काळ, आणि त्यावरूनच आपण कोणत्याही तात्पुरत्या नेमणुकीला हंगामी म्हणू लागलो. द्राक्षतोडणीला येणारे मजूर खरोखर ‘सीझनल’ असतात, कारण हंगाम सरला की त्यांचे काम सरते. त्या तरुणाला ‘टेम्पररी’ हवे होते. दोन कायम व्यवस्थांच्या मधल्या काळापुरते जे असते ते ‘इंटेरिम’, कारण त्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘दरम्यान’ असा आहे. पुढे पक्के होईल किंवा बदलेल या समजुतीने दिलेले ते ‘प्रोव्हिजनल’, जसे पदवी हाती येण्यापूर्वी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र. सिंहस्थात तपोवनात उभे राहणारे साधुग्राम ‘टेम्पररी’ असते, कारण पर्वणी संपल्यावर ते उठणार हे आधीच ठरलेले असते; त्याच निमित्ताने बांधलेला घाट मात्र मागे राहतो.

शेतीतले शब्द नाशिककरांना लवकर कळायला हवेत, पण तेथे एक खाच आहे. ‘पेरेनियल’ नदी म्हणजे बारमाही नदी, पण ‘पेरेनियल’ वनस्पती म्हणजे बहुवर्षायू, द्राक्षवेलीसारखी. एकीकडे वर्षभर आणि दुसरीकडे वर्षानुवर्षे, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात राहतात. कांदा हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ‘बायेनियल’, म्हणजे द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी तो गड्डा धरतो आणि तो गड्डा पुन्हा लावला की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊन बी मिळते. आपण खाण्यासाठी पहिल्याच टप्प्यावर काढतो, म्हणून तो एका हंगामाचा वाटतो. या ‘बायेनियल’शी ‘बायॲन्युअल’ची गल्लत करू नये. पहिला दोन वर्षांनी एकदा, दुसरा वर्षातून दोनदा. आपले द्वैवार्षिक आणि षाण्मासिक हे शब्द मला याहून कितीतरी स्वच्छ वाटतात.

अल्पकाळ टिकणाऱ्या गोष्टींतही कारण शोधावे. सडून संपते ते ‘पेरिशेबल’, बाजार समितीच्या भाषेत नाशवंत माल. कीर्तनात देहाला नाशवंत म्हणतात तेव्हा मात्र ‘मॉर्टल’ हवे. वाटसरूसारखे येऊन पुढे निघून जाते ते ‘ट्रान्झियंट’. ‘एफेमरल’ हा ग्रीक शब्द मुळात एका दिवसापुरता असा आहे. ज्याचा स्वभावच थोडा वेळ असण्याचा, त्याला तो शोभतो. औट घटकेच्या राज्याला मी ‘शॉर्ट-लिव्ह्ड’ सुचवतो. औट म्हणजे साडेतीन आणि घटका चोवीस मिनिटांची, म्हणून औट घटका म्हणजे 84 मिनिटे होतात, पण राज्य तेवढ्यात आटोपते ते कोणी उलथवल्यामुळे, स्वभावामुळे नव्हे.

उरला ‘पर्मनंट’ आणि ‘पर्पेच्युअल’ यांतला फरक, आणि त्यासाठी मी विद्यार्थ्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांत, म्हणजे तिथल्या प्राचीन बौद्ध लेण्यांत, घेऊन जातो. दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या भिक्षूंसाठी 3,000 कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) ‘अखयनिवि’, म्हणजे अक्षयनीवी, न सरणारी ठेव, दिली आणि ती रक्कम गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली. एकीकडे 2,000 शेकडा एक ‘पडिक’ (नाणे) वृद्धीने, म्हणजे व्याजाने, आणि दुसरीकडे 1,000 शेकडा ‘पायून’ पडिक वृद्धीने. ‘पायून’ म्हणजे आपले पाऊण, हे वाचताना प्रत्येक तुकडीतले कोणीतरी ते मोठ्याने म्हणून पाहते. अशा देणगीला इंग्रजीत ‘पर्पेच्युअल एंडोमेंट’ म्हणतात; ‘पर्मनंट’ही म्हटले जाते, पण ‘पर्पेच्युअल’ अधिक नेमके. ‘पर्मनंट’ गोष्ट जागची हलत नाही एवढेच सांगते, तर ‘पर्पेच्युअल’ गोष्ट न खंडता चालू राहते आणि ती तशी चालू राहण्याची सोय तिच्यातच केलेली असते. ती सोय त्याच लेखात पुढे दिली आहे: हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, त्यांची फक्त वृद्धी भोगायची.