झडतीच्या यादीने माझा लॅपटॉप परत मिळवून दिला

माझ्या धाकट्या भावाचं सांगलीत जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. त्याने घेतलेला एक लॅपटॉप चोरीचा निघाला आणि पोलीस घरझडतीला आले. वर्दी दारात दिसली की घशाला कोरड पडतेच. पण मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरात ऐकलेलं माझ्या ध्यानात होतं.

साहेबांना आत बोलावून नाव, हुद्दा विचारला आणि मग वॉरंटचं विचारलं. "ताई, तपासात निकड असली तर वॉरंट लागत नाही," ते म्हणाले. हे खरं आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 185 नुसार तशी झडती घेता येते, मात्र कारणं लेखी नोंदवावी लागतात. मी अडवलं नाही, कारण सरकारी कामात अडथळा हा वेगळाच गुन्हा अंगावर येतो. "पंच कोण आहेत?" एवढं मात्र विचारलं. कलम 103 प्रमाणे त्या भागातले किमान दोन तटस्थ पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार, लागतात. शेजारचे काका आणि गिरणीवाले मामा आले. हा कायदा लागू झाला त्या 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं. हवालदारांनी ते मोबाईलवर केलं.

भावाच्या मालाबरोबर माझा लॅपटॉपही उचलला. दुकानदारांचे हिशेब मी त्यावर करते, म्हणजे माझी रोजीरोटीच ती. खूप सांगूनही ऐकलं नाही, तेव्हा मी सगळं लक्ष जप्त वस्तूंच्या यादीवर दिलं. तिथे नुसतं "एक काळा लॅपटॉप" असं लिहिलं होतं. मी सिरियल नंबर वाचून दाखवला, चार्जरची नोंद करायला लावली, तो माझ्या खोलीतून घेतला हेही लिहून घेतलं. पंचांच्या सह्या झाल्यावर प्रत मागितली, तर "ठाण्यात येऊन न्या" म्हणाले. घरात हजर असणाऱ्याला ती प्रत द्यायची असते, हे मी आवाज न चढवता सांगत राहिले. दिली शेवटी.

अण्णांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही, जबाबासाठी "चला" म्हणत होते. साठी ओलांडलेल्यांना आणि बायकांना त्यांच्या मर्जीविरुद्ध साक्षीसाठी ठाण्यात नेता येत नाही. जबाब घरीच झाला. त्यावर अण्णांनी सही केली नाही. तपासातल्या अशा जबाबावर सही घ्यायचीच नसते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. भावाला कलम 35 ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, नोटीस मिळाली. बोलावलं की तो हजर राहतो. त्याला अटक झालेली नाही.

पुढे विजयनगरला, जिल्हा न्यायालयात गेले. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो (हेल्पलाइन 15100). वकील मॅडमनी मुद्देमाल, म्हणजे जप्त वस्तू, परत मिळण्यासाठी कलम 503 खाली अर्ज केला, सोबत खरेदीचं बिल आणि यादीची प्रत. दोन्हीकडे सिरियल नंबर एकच. जप्त वस्तू ठाण्यात विनाकारण पडून राहू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा सुंदरभाई देसाई निकालही त्यांनी दाखवला. पोलिसांचं म्हणणं येईपर्यंत तारखा पडल्या. मग आदेश झाला: बंधपत्र (लेखी हमी) द्यायचं, खटला संपेपर्यंत लॅपटॉप विकायचा नाही, बोलावलं की हजर करायचा.

ठाण्यात मुद्देमाल कारकुनाने फोटो काढून लॅपटॉप दिला, पण चार्जर सापडत नाही म्हणाला. मी यादीतली नोंद दाखवली. थोड्या वेळाने चार्जरही मिळाला.