मनिलातलं मिशनरी ट्रेनिंग : मागून येणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आपल्या चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या, धर्मप्रचाराच्या मिशनचा कॉल (नेमणुकीचं पत्र) आला की सगळे पहिल्यांदा मिशनचं नाव वाचतात. आमच्या घरीही तेच झालं. नवी दिल्ली मिशन म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला, पोरगं देशातच राहणार म्हणून. खाली ट्रेनिंग मनिलाला आहे हे लिहिलेलं बाबांनी वाचलं आणि मग पासपोर्टची शोधाशोध सुरू झाली. आपल्या पुण्या-मुंबईच्या शाखा लहान. मिशनला जाऊन आलेलं माणूस शोधून विचारावं लागतं आणि तेही 'खूप आशीर्वाद मिळतात' याच्या पलीकडे फारसं सांगत नाही. आशीर्वाद मिळतात, नाही कशाला म्हणू? पण तिथे प्लग कोणता लागतो हेही कुणीतरी सांगायला हवं.

सुरुवात जाण्याच्या बऱ्याच आधी होते. फॉर्म भरताना डॉक्टर आणि डेंटिस्ट अशी दोन्ही तपासणी लागते. दाताची तपासणी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अक्कलदाढ काढायला सांगितली तर जखम भरायला वेळ हवा. लसींची नोंद एका कागदावर डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी घ्या. कॉलेजचं मात्र कुणीच सांगत नाही. मुलं दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. परत आल्यावर ॲडमिशनला गॅपचं अफिडेव्हिट मागतात, त्यामुळे मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट आणि मायग्रेशनच्या प्रती एका फायलीत लावून घरच्यांना फाईल कुठे आहे ते दाखवून जा. माझ्या आत्याचा तर एकच प्रश्न होता, "दोन वर्षं कॉलेज सोडून देवाचं काम? देव काय पळून चाललाय का?" उत्तर देत बसलो नाही, फाईल दाखवली. ती बघून आत्या जरा निवळली.

आता ट्रेनिंगचा पहिला भाग घरूनच ऑनलाइन होतो. हा भाग हलक्यात घेऊ नका. सकाळी साडेसहाला उठायचं, पांढरा शर्ट आणि टाय घालून लॅपटॉपसमोर बसायचं आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. घरच्यांना वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवा. मनिलाला तेच वेळापत्रक असतं, फक्त तिथे 'अरे जरा दूध घेऊन ये' म्हणणारं कुणी नसतं. साडेदहाला दिवे बंद. ज्याला रात्री एकपर्यंत मोबाइल बघायची सवय आहे त्याने ती निदान महिनाभर आधी मोडावी. तिथे पोचल्यावर मोडायला गेलात तर पहिले दिवस वर्गात डुलक्या काढण्यात जातील.

प्रवासाचं तिकीट चर्चच्या प्रवास विभागाकडून येतं आणि व्हिसाची कागदपत्रंही तेच सांगतात. आपण करायचं काम म्हणजे फिलिपिन्सचा ई-ट्रॅव्हल फॉर्म. उतरण्याच्या आधीच्या बहात्तर तासांत तो ऑनलाइन भरायचा आणि मिळालेला क्यूआर कोड फोनमध्ये साठवायचा, शिवाय छापूनही ठेवायचा. फोनची बॅटरी नेमकी रांगेत संपते. मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. वीज 220 व्होल्टच, पण प्लग दोन चपट्या पिनांचे. आपला गोल पिनांचा चार्जर तिथे बसत नाही. ॲडॉप्टर दोन घ्या, एक कंपॅनियन, म्हणजे जोडीला दिलेला मिशनरी, नेतोच.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर. पांढरे शर्ट लक्ष्मी रोडवर घेतले तर युनिफॉर्मच्या दुकानातून घ्या, ब्रँडच्या नको. अर्ध्या बाह्यांचे, कॉटन-पॉलिएस्टर मिक्स. शुद्ध कॉटन मनिलाच्या दमट हवेत वाळता वाळत नाही आणि वाळलं की इस्त्री मागतं. सूट एकच पुरे. बूट नवे नेऊ नका, निदान महिनाभर घालून पायाला सरावलेले न्या. शाखेतल्या एका ताईंनी मुलींसाठी सांगितलेलं लिहितो : 2018 च्या शेवटापासून सिस्टर्सना, म्हणजे मिशनरी मुलींना, पँटही चालते, तेव्हा स्कर्टांनी बॅग भरू नका. पण चर्चचं मंदिर आणि रविवारच्या सभेसाठी स्कर्ट किंवा ड्रेस हवाच. छत्री न्या. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा हंगाम असतो आणि पाऊस आडवा येतो.

सेंटर क्वेझॉन सिटीत आहे, टेंपल ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर. समोरच मनिला मंदिर, 1984 साली समर्पित झालेलं, सहा मनोऱ्यांचं. जागा उंचावर असल्यामुळे पलीकडे मरिकिनाचं खोरं दिसतं. खोऱ्याच्या कडेने भूकंपाची मोठी भेग जाते, म्हणून भूकंपाच्या सूचना देतात तेव्हा मागे बसून हसू नका. विमानतळावरून तिथे पोचायला ट्रॅफिक लागला की किती वेळ जाईल याचा नेम नाही. गाडीत बसण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, एवढंच सांगतो.

पोचल्यावर काळी नावपट्टी मिळते. त्या क्षणापासून पहिलं नाव संपलं, सगळे 'एल्डर' आणि पुढे आडनाव. मराठी आडनावांची तिथे जी दशा होते ती मजेशीर असते, मनावर घेऊ नका. मग कंपॅनियन मिळतो. माझा राजमुंद्रीकडचा तेलुगू मुलगा होता. आमची समाईक भाषा इंग्रजी आणि दोघांचंही इंग्रजी बेताचंच. खोलीत दोन मजली पलंग, बाकीचे मंगोलियाचे आणि कंबोडियाचे.

माझ्या मते या ट्रेनिंगमधली सगळ्यात अवघड गोष्ट अभ्यास नाही, जेवण नाही, घरची आठवणही नाही. एकटं राहायला मिळत नाही, ही आहे. कंपॅनियन कायम दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर हवा, असा नियम. वर्गात, जेवणाला, व्यायामाला, कपडे धुवायला, सगळीकडे जोडीने. आपल्याकडे एका खोलीत चौघं वाढलेली मुलं असतात, त्यामुळे वाटतं की यात काय एवढं? पण घरी भावावर चिडलो तर आपण उठून गच्चीवर जातो. इथे गच्चीवरही तो सोबत येणार. सेंटरमध्ये एकांत मिळतो तो फक्त अंघोळीला, आणि दाराबाहेर रांग असते.

यावर त्यांनी एक उपाय ठेवलाय, तो मनापासून वापरा. आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय चांगलं वाटतं आणि काय खुपतं ते बोलायचं. पहिल्यांदा बसलो तेव्हा दोघंही 'सगळं छान आहे' म्हणून मोकळे झालो. पुढच्या वेळी त्याने बराच वेळ टायचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मग सांगितलं, "तू वाचताना गुणगुणतोस. मला एक ओळही लक्षात राहत नाही." मला माहीतच नव्हतं. मी सांगितलं की तू गजर वाजल्यावर तो बंद करून परत झोपतोस आणि उठवायचं काम माझ्यावर येतं. त्या संध्याकाळी गजराचं घड्याळ माझ्या उशाशी आलं आणि मी तोंडात खडीसाखर ठेवून वाचायला लागलो. असली क्षुल्लक गोष्ट पंधरा मिनिटांत सुटते, नाहीतर आठवडाभर कुजते. तेव्हा बोला, आणि पहिल्या आठवड्यातच बोला.

वर्ग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. शिक्षक बहुतेक स्वतः मिशन करून आलेले फिलिपिनो तरुण, आपल्यापेक्षा थोडेच मोठे. पुस्तक 'प्रीच माय गॉस्पेल', 2023 ची दुसरी आवृत्ती. ती घरून एकदा वाचून जा. पाठांतर करू नका, तिथे पाठांतराची किंमत शून्य. शिक्षक कुणातरी माणसाचं सोंग घेऊन बसतो आणि आपण दोघांनी जाऊन त्याच्याशी बोलायचं. एकदा आमचे शिक्षक जीपनी, म्हणजे तिकडची शेअर गाडी, चालवणारा माणूस झाले होते. पाय पसरून, डोळे अर्धे मिटून खुर्चीत रेललेले. मी तयारी करून गेलो होतो, वचनांना खुणाही लावलेल्या. कंपॅनियनने पुस्तक उघडलंच नाही. त्याने विचारलं, "आज किती फेऱ्या झाल्या?" शिक्षक काही बोलेनात, तोही बोलेना. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. माझा हात तीनदा पुस्तकाकडे गेला असेल. मग शिक्षक हळूच सरळ बसले आणि त्या सोंगातल्या माणसाच्या घरचं सांगायला लागले, आजारी बायकोपासून. नंतर वर्गात चर्चा झाली ती त्या शांततेवर. इंग्रजी कच्चं म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. माझा कंपॅनियन वर्गात सगळ्यात कमी बोलायचा आणि त्याचेच धडे सगळ्यात चांगले व्हायचे.

जेवण. भात सकाळ, दुपार, रात्र. नाश्त्याला लसूण घालून परतलेला भात आणि अंडं, हे आवडायला लागतं. अडोबो म्हणजे व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं चिकन किंवा डुकराचं मांस. सिनिगांग हे चिंचेचं आंबट कालवण, आपल्या साराची आठवण करून देणारं, मला तेच सगळ्यात जवळचं वाटलं. केचपची बाटली बघून फसू नका, तो केळ्याचा आणि गोड असतो. शाकाहारी असाल तर आधीच कळवा आणि तरीही विचारून खा, कारण पिनाकबेतसारख्या निव्वळ भाजीच्या दिसणाऱ्या पदार्थातही कोळंबीची चटणी असते. तिखटाची सोय स्वतःची ठेवा. शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी सीलबंद पाकिटात नेली तर अर्धी डिस्ट्रिक्ट, म्हणजे तुमचा मिशनऱ्यांचा गट, तुमची मित्र होते. चहा-कॉफी आपल्या चर्चमध्ये तसंही चालत नाहीच, पण पावसाळी संध्याकाळी गरम काहीतरी हवं वाटतंच. तिथे त्या जागी मायलो हे चॉकलेटी पेय असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, दोन वेळचं जेवण नाही आणि पाणीही नाही. आदल्या रात्री तिखट खाऊ नका.

पी-डे हा आठवड्याचा मोकळा दिवस. मोकळा म्हणजे कपडे धुणं, केस कापणं, घरी फोन, मंदिर आणि थोडी खरेदी, सगळं एका दिवसात. धुलाईची मशिनं कमी आणि एल्डर जास्त, म्हणून पहाटेच नंबर लावा. मंदिरातल्या विधींबद्दल इथे लिहीत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आपल्या ब्रँच प्रेसिडेंटांकडे, म्हणजे शाखेच्या प्रमुखांकडे, आधी तयारीचा वर्ग मागून घ्यावा. भारतात राहून मंदिरात जाणं म्हणजे विमानाचं तिकीट, इथे रस्ता ओलांडला की दार, त्यामुळे मिळेल तेवढ्या वेळा जा.

फोनचं जरा शहाणपणाने करा. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी 2019 पासून दर आठवड्याला पी-डेला बोलता येतं, व्हिडिओवरही. ही सोय चांगली, पण आपल्या घरांमध्ये व्हिडिओ कॉल म्हणजे सगळा वाडा गोळा होतो. आजी फोनला कान लावते, त्यामुळे आपल्याला फक्त कान दिसतो, काका 'तिकडे पाऊस आहे का' विचारतात आणि वेळ संपते. मी दुसऱ्याच आठवड्यात आईला सांगितलं की आधी तुम्ही दोघं, शेवटची पाच मिनिटं बाकी सगळे. बाकीच्यांसाठी आठवड्याचं ईमेल लिहायचं, मराठीतून. फोनवर मराठी टायपिंग आधीच बसवून घ्या. दिवसभर इंग्रजी बोलून तोंड आंबतं, त्या ईमेलने बरं वाटतं.

तब्येतीचं थोडक्यात : डास आहेत, डेंग्यूही आहे, मलम न्या. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. ताप आला तर लपवू नका. एकाला आला की खोलीतले सगळे झोपतात.

आपल्या चर्चच्या लोकांना बाहेरचे म्हणतात तो 'मॉर्मन' हा शब्द तिथे फारसा कुणी वापरत नाही. 2018 मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण नाव वापरायला सांगितलं तेव्हापासून शिक्षकही लगेच दुरुस्त करतात. परक्याला ते लांबलचक नाव एका दमात सांगायचा सराव करून ठेवा, कारण त्याची गरज परतीच्या वाटेवरच पडते. निघताना पहाटे निघतात. सूट अंगावरच घाला, बॅगेत भरला तर वजन वाढतं. हँगर, छत्री आणि उरलेला साबण पुढच्या तुकडीला देऊन टाका. पेसो विमानतळावरच संपवा, दिल्लीत ते बदलून मिळतील याचा भरवसा धरू नका. इमिग्रेशनला नावपट्टी बघून "काय करत होतात तिकडे?" विचारतील. चर्चच्या प्रशिक्षणाला गेलो होतो, एवढं सरळ उत्तर द्या. कॉलचं पत्र वरच्या खिशात असू द्या, आणि कंपॅनियनला तुमच्या मागच्याच नंबरवर उभं करा, कारण त्याचं पत्र हमखास चेक-इन बॅगेत गेलेलं असतं.